माळ्यावरचा रुमाल

रुमाल म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं. पेण-रोह्याकडच्या जुन्या घरांत हा म्हातारा माळ्यावर राहतो. अंगावर खारव्याचं विटलेलं लाल फडकं, कमरेला सुताची दोरी, पोटात मोडी कागद. गणपतीत मखर काढायला कोणी वर चढलं की त्याच्यावर हात पडतो, धूळ उडते, दोन शिंका येतात आणि त्याला पुन्हा कोपऱ्यात सरकवलं जातं. जमिनीची वाटणी निघाली की मात्र साऱ्या भावांना त्याची आठवण होते.

स्वभावाने संशयी. त्यात त्याचा दोष नाही. १८५२ मध्ये इनाम कमिशनला कायद्याचं बळ मिळालं आणि साहेब घरोघरच्या सनदा मागू लागला. पुरावा निघाला तर इनाम टिकलं, नाही तर खालसा. हातचा कागद गेला तर जमीन गेली, ही धास्ती त्याच्या गाठीत तेव्हापासून बसली. पुढे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे जुन्या पत्रांच्या मागे वाड्यावाड्यांतून फिरले, तेव्हा त्यांनाही बऱ्याच दारांत तीच धास्ती भेटली. तरी १८९८ पासून सुरू झालेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड त्यांच्या नावावर जमा झाले.

बोलणं मोडीत, तेही एका दमात. आधी ओळभर आडवी रेघ, मग तिला लटकत जाणारी अक्षरं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाची तमा नाही. वर श्री, मग नमस्कार, मग क्षेमकुशल, शेवटी आणखी काय लिहावं म्हणून हात जोडणं. एवढी सगळी नम्रता सांभाळून मधल्या दोन ओळींत सावकाराचा तगादा! तारीख विचारली तर मुसलमानी महिन्याचा चंद्र सांगतो. वर्ष पुष्कळदा सांगतच नाही. ते शेजारच्या कागदावरून ताडायचं.

लढाया-तहांत त्याला फारसा रस नाही. भात किती खंडी आलं, खोताची बाकी किती, कोणाची फारखत झाली, खारेपाटात खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला काय खर्च आला, हे तो कितीही वेळ सांगेल. इंग्लंडातल्या जमीनदारांच्या कागदांचीही हीच तऱ्हा. नॉरफोकच्या पॅस्टन घराण्याची पंधराव्या शतकातली पत्रं प्रसिद्ध आहेत. त्यांतल्या एका पत्रात मार्गारेट पॅस्टन वाड्यावर हल्ला होईल या भीतीने नवऱ्याकडे धनुष्यं मागते आणि त्याच कागदात बदाम नि साखरही आणायला सांगते. इतिहासाच्या पुस्तकात धनुष्यं जातात. मला बदाम-साखर जास्त खरी वाटते.

संग्राहकांशी याचं पटत नाही. त्यांना ठसठशीत शिक्का हवा, एखादं नामांकित नाव हवं. तेवढं पत्र उचलून ते काचेच्या चौकटीत बसवतात आणि बाकीचं गाठोडं ‘किरकोळ हिशेब’ म्हणून सोडून देतात. चौकटीतलं पत्र सुंदर दिसतं खरं. पण कोणी, कशावरून, कधी लिहिलं, हे सांगणारे त्याचे साक्षीदार मागे गाठोड्यात राहिलेले असतात. हा संग्रह मला तरी पटत नाही. जमवायचं तर अख्खं दप्तर जमवावं, आणि कागद ज्या क्रमाने सापडले त्याच क्रमाने ठेवावेत.

याचे जुने वैरी कसर, वाळवी आणि कोकणातला पाऊस. त्यांच्यासाठी पुडीतलं वेखंड असायचं. नवा वैरी घरातलाच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळेतून गेली, आणि जे वाचता येत नाही ते रद्दीत घालायला फार विचार करावा लागत नाही. पेणेत तर कागदाच्या लगद्याच्या मूर्तीही होतात. कोणाच्या पणजोबांची फारखत बाप्पाच्या पोटात गेली असेल, सांगवत नाही.

अलीकडे पुराभिलेख विभागाच्या मोडी वर्गांतून शिकलेली काही मंडळी त्याची गाठ सोडायला येतात. बहुतेकांना आल्या आल्या पेशव्यांचं नाव हवं असतं. हा त्यांच्या हाती आधी भाताचा हिशेब ठेवतो. रागावून तो बाजूला सारू नये. साल त्याच्यावरच लिहिलेलं असतं.