सेल्माचा पूल आणि मतदार यादीतले नाव

अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा नावाचे राज्य आहे. त्याच नावाच्या नदीकाठी सेल्मा हे छोटेसे शहर वसले आहे. कापसाच्या व्यापारावर हे गाव वाढले आणि तो कापूस गुलामांनी पिकवला. फिरायला जाणाऱ्याने तिथे काय पाहावे? एक पोलादी कमानीचा पूल आणि लाल विटांचे, दोन मनोऱ्यांचे एक चर्च. एवढेच. पण एका मताची किंमत किती असते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने मनाने तरी एकदा सेल्माला जाऊन यावे.

आधी चर्चकडे जाऊ. त्याचे नाव ब्राऊन चॅपल. इमारत १९०८ सालची. ज्या पंथाचे हे चर्च, तो पंथ १८१६ साली काळ्या लोकांनी स्वतः स्थापन केला. गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळीही अपमान होऊ लागला, तेव्हा त्यांनी आपली वेगळी वाट धरली. जिथे मान नाही तिथे थांबायचे नाही, हा निर्धार काय असतो हे आपल्याला कुणी वेगळे समजावून सांगायला नको.

अमेरिकेत काळ्या पुरुषांना मताचा हक्क घटनादुरुस्तीने १८७० सालीच मिळाला होता. पण हक्क कागदावर राहिला आणि नाव यादीत आले नाही. १९६५ च्या सुरुवातीला सेल्मा ज्या डॅलस काउंटीत आहे, तिथली निम्मी वस्ती काळ्यांची होती. तरी मतदानाचे वय झालेल्या शंभर काळ्या माणसांपैकी जेमतेम दोघांचे नाव यादीत होते. नोंदणीची कचेरी महिन्यातून दोनच दिवस उघडायची. अर्ज करणाऱ्याची लेखी परीक्षा घेतली जायची, घटनेतल्या कलमांचा अर्थ विचारला जायचा. पास की नापास हे ठरवणारा कारकून गोरा. रांगेत उभे राहिले म्हणून कित्येकांची नोकरी गेली.

जुलै १९६४ मध्ये तिथल्या न्यायाधीशाने तीन किंवा त्याहून जास्त माणसांनी हक्कांसाठी जमू नये असा मनाई हुकूम काढला. तेव्हा २ जानेवारी १९६५ रोजी ब्राऊन चॅपलने आपली दारे उघडली आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची सभा तिथे झाली. त्याच महिन्यात काळे शिक्षक रांगेने कचेरीवर चालून गेले. त्यांचे पुढारी एफ. डी. रीस हे शिक्षकही होते आणि पाद्रीही. गुरुजी आणि बाई निघाल्या म्हटल्यावर गाव मागे राहील काय?

आता पुलाकडे चला. पुलावर मोठ्या अक्षरांत एडमंड पेटस याचे नाव आहे. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या फौजेचा हा सेनापती. पूल मधोमध इतका चढता आहे की माथ्यावर पोहोचेपर्यंत पलीकडचे काही दिसत नाही. ७ मार्च १९६५ च्या रविवारी सुमारे ६०० माणसे माथ्यावर आली, तेव्हा त्यांना खाली काठ्या घेतलेले पोलीस आणि घोडेस्वार दिसले. तरी माणसे पुढे चालत राहिली. मग अश्रुधूर सुटला, काठ्या पडल्या. अमेलिया बॉयंटन या कार्यकर्त्या बेशुद्ध होऊन रस्त्यावर पडल्या.

त्या रात्री देशभरच्या लोकांनी हे दूरदर्शनवर पाहिले. डॉ. किंग यांनी सर्व पंथांच्या धर्मगुरूंना तारा करून बोलावले आणि ते आले. बोस्टनहून जेम्स रीब नावाचा गोरा युनिटेरियन पाद्री आला. ९ मार्चच्या रात्री त्याला रस्त्यात मारहाण झाली आणि दोन दिवसांनी तो वारला. सेंट लुईसहून कॅथॉलिक नन आल्या. त्यांत मेरी अँटोना इबो या काळ्या भगिनी होत्या. ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचे आर्चबिशप याकोव्होस आले. रब्बी अब्राहम हेशेल आले. हिटलरच्या छळात आपली आई आणि बहिणी गमावलेला हा ज्यू विद्वान २१ मार्चच्या मोर्चात पहिल्या रांगेत चालला.

पण सगळेच धार्मिक लोक असे वागले, असे समजू नका. सेल्मातल्या गोऱ्यांच्या काही चर्चनी काळ्यांना दारातच अडवले. तिथल्या कॅथॉलिक आर्चबिशपने आपल्या नन मोर्चात जाऊ नयेत असा हुकूम दिला. त्या नन मोर्चात गेल्या नाहीत, पण पुलावर डोकी फुटलेल्यांच्या जखमा गुड समॅरिटन रुग्णालयात त्यांनीच बांधल्या. ज्याला जे जमले ते त्याने केले.

सेल्मा ते माँटगोमेरी हे अंतर सुमारे ८७ किलोमीटर. माणसे पाच दिवस चालली. वाटेत काळ्या शेतकऱ्यांनी धोका पत्करून आपल्या रानात तंबू ठोकू दिले. शेवटचा मुक्काम सिटी ऑफ सेंट ज्यूड या कॅथॉलिक संस्थेच्या आवारात पडला. २५ मार्चला राजधानीत सुमारे २५ हजार लोक जमले. त्याच रात्री मोर्चेकऱ्यांना मोटारीने पोहोचवणाऱ्या व्हायोला लिउझो या गोऱ्या बाईला गोळ्या घालण्यात आल्या. ती पाच मुलांची आई होती. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायदा झाला आणि त्या परीक्षांना आळा बसला.

तरी सेल्माचा खरा धडा पुढे आहे. १९६५ साली जो महापौर होता, त्याला हरवून जेम्स पर्किन्स हे पहिले काळे महापौर निवडून आले ते २००० साली! कायदा झाला तरी घरोघर जाऊन नावे नोंदवावी लागली, माणसांना केंद्रापर्यंत न्यावे लागले. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या कायद्याचे एक मोठे संरक्षण निकामी झाले. हक्क एकदा मिळाला की कायमचा सुरक्षित राहतो, असे नाही.

आपल्याकडे कलम ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला, तो कोणतीही परीक्षा न घेता. कलम ३२५ सांगते की मतदारसंघाची यादी एकच असेल आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कुणाला त्यातून वगळता येणार नाही. तरीही पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायांची नावे यादीतून गेली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते.

म्हणून माता-भगिनींनो, आज जेवणे झाल्यावर घरातली नावे मोजा. मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली का? नवी सून आली, तिचे नाव या पत्त्यावर आले का? झोपडी तुटून दुसरीकडे राहायला गेलात, तर नाव कुठे राहिले? नव्या नावासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. विहारात एक संध्याकाळ या कामासाठी ठेवा आणि शेजारच्या मशिदीतल्या, चर्चमधल्या, देवळातल्या माणसांनाही बोलवा. मत ज्याचे त्याने ठरवावे, पण यादी वस्तीची असते आणि केंद्रावरची रांगही एकच असते.