सांधा गोंदाआधी

संपादकांनी या अंकासाठी लेख मागताना एकच गोष्ट विचारली: घरी बांधायचे फायबरग्लासचे विमान नुसते चिकटवून उडते कसे? या प्रश्नातला ‘नुसते’ हा शब्द मला खटकतो, आणि हा लेख त्या शब्दाविरुद्ध आहे. मुंबईत चारकोपच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान बांधले, २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले आणि चाचणी उड्डाणाची परवानगी मिळेपर्यंत २०१९ उजाडले. चर्चा झाली ती गच्चीची, परवान्यांची, जिद्दीची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण दोन सुटे भाग एकमेकांना भिडवताना बांधणाऱ्याला काय काय करावे लागते, यावर आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. विमानाचा कस मात्र तिथेच लागतो. माझे म्हणणे थोडक्यात असे: सांधा पक्का होतो किंवा बिघडतो तो गोंद लावण्याच्या आधी. गोंद त्यावर फक्त शिक्कामोर्तब करतो.

संचातून येणारे विमानाचे धड बहुधा शेंगेसारखे दोन फाकांत असते. एका फाकेच्या कडेला आत दबलेली पायरी असते आणि दुसरीची कड त्या पायरीवर बसते. राळ हातात घेण्याआधी सगळे भाग कोरेच बसवून पाहायचे, काढायचे, घासायचे, पुन्हा बसवायचे. पंखाची वरची साल बंद करताना आतली फट दिसत नाही. म्हणून मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती प्लास्टिकमध्ये गुंडाळून फासळ्यांवर ठेवतात, साल दाबून बसवतात आणि उचलून पाहतात. दबलेल्या मातीची जाडी म्हणजेच तिथली फट. कुठे ती अर्धा मिलिमीटर निघते, कुठे चार. चार मिलिमीटर गोंदाने भरून काढू, असे नवशिक्याला वाटते. भरता येतात, पण जाड थरात बुडबुडे अडकतात आणि त्याची ताकद घटते. उलट शिकंजे करकचून आवळले तर गोंद पिळून बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. त्यातून गोंदाचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. चिकटपट्टी पृष्ठभागाला समांतर ओढली तर दाद देत नाही, कोपरा उचलला की सरसर निघते. या कामात गोंद म्हणून वापरतात त्या इपॉक्सी राळेचेही तसेच आहे. म्हणून ओढ समांतर बसेल अशी कडांची रचना करतात आणि आतून काचकापडाच्या पट्ट्या लावतात. पट्टीचे धागे सांध्याला ४५ अंशांत तिरके हवेत, म्हणजे उभे-आडवे दोन्ही धागे सांधा ओलांडून जातात आणि सरकवणारा जोर पेलतात. पट्टी सरळ कापली तर निम्मे धागे सांध्याच्या रेषेतच पडून राहतात.

बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला हे साहित्य परके वाटू नये. सांध्याच्या इपॉक्सीत जे तंतू कालवतात ते कापसाचे असतात. बारीक कातरलेला कापूस मिसळला की गोंदाला अंग येते, तो ओघळत नाही आणि तडा सहज पसरू देत नाही. ज्या खामगावपर्यंत १८७० मध्ये रेल्वेचा फाटा आला तोच मुळी कापसासाठी, तिथे ही गोष्ट समजावून सांगायला वेळ लागू नये. दुसरी भर असते काचेच्या पोकळ सूक्ष्म गोळ्यांची. ती हलकी असते आणि सहज घासली जाते, पण फक्त खळगे भरण्यापुरती. दोन्ही लगदे पांढरट दिसतात, पण अदलाबदल झाली की सांधा गेलाच. राळ घट्ट करणारा हार्डनर जास्त घातला की काम लवकर उरकते, हा समजही मला फार त्रास देतो. तो पॉलिएस्टर राळेच्या फायबर कामातून आलेला आहे. तिथे प्रमाण थोडे बदलून वेग बदलता येतो. इपॉक्सीत प्रमाण ठरलेले असते. जादा हार्डनरला जोडीदार मिळत नाही आणि तो मऊपणा होऊन आत राहतो. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते: हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांमुळे काही इपॉक्सींवर मेणचट थर धरतो. तो आधी पाण्याने धुवायचा, मग काचपेपर फिरवायचा. क्रम उलटला तर मेण खाचांत घासले जाते. शेवटी पृष्ठभागावर पाणी सोडून पाहायचे. ते सलग पसरले तर पुढे जायचे, थेंब गोळा झाले तर पुन्हा साफसफाई.

यावर नेहमीचा आक्षेप येतो तो रिव्हेटचा. रिव्हेट दिसतो, मोजता येतो. गोंदावर विश्वास कसा ठेवायचा? आक्षेप हलका नाही, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा मोठा भाग हवेतच उडून गेला. त्या पत्र्यांच्या जोडांत गोंदही होता आणि रिव्हेटही होते. गोंदाची पकड सुटली, ओझे रिव्हेटांवर आले आणि त्यांच्या छिद्रांपासून तडे वाढत गेले. रिव्हेट डोळ्यांना दिसत होते, तरी जोड आतून सुटत होता. यावरून रिव्हेट वाईट ठरत नाहीत. ॲल्युमिनियममध्ये ते चांगलेच काम देतात, कारण छिद्राच्या कडेला ताण साचला की धातू थोडा वाकतो आणि ताण वाटून घेतो. फायबरग्लासमध्ये प्रत्येक छिद्र भार वाहणारे धागेच तोडते आणि काच धातूसारखी वाकत नाही. जे साहित्य आहे त्याच्या स्वभावाचा सांधा हवा, एवढाच याचा अर्थ.

दुसरा आक्षेप उन्हाचा. ४२ अंशांपुढे जाणाऱ्या खामगाव-मलकापूरच्या उन्हाळ्यात हे विमान टिकेल का? घरच्या तापमानाला घट्ट झालेली इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते आणि उन्हातला गडद रंगाचा पंख तिथपर्यंत सहज तापतो. म्हणून ही विमाने पांढरी रंगवतात आणि बंदिस्त उबेत भाजून राळेची सहनशक्ती वाढवतात. पण सगळा दोष हवेवर टाकण्याची घाई जुनी आहे. १९४४ मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवर मॉस्किटो ही लाकडी, गोंदाने जोडलेली विमाने हवेत मोडली. पहिला संशय उष्ण-दमट हवेवर गेला आणि पावसाळ्यात लाकूड आक्रसल्याचे निदानही झाले. पुढच्या चौकशीने मात्र सदोष बांधणीवर बोट ठेवले. याच भारतात पुढे नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचे (एनएएल) फायबरग्लाससारख्या संमिश्र साहित्याचे ‘हंसा’ विमान १९९३ मध्ये उडाले आणि २००० मध्ये प्रमाणित झाले. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग ७८७ साठी संमिश्र साहित्याच्या तुळया बनल्या. आपले ऊन तेच आहे, शिस्त वेगळी आहे.

तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण खोडता येत नाही. बंद झालेला सांधा उघडून पाहता येत नाही. नाण्याने ठोकत गेले की पोकळी बद्द आवाजाने कळते. पण जिथे दोन पृष्ठभाग भिडले आहेत आणि चिकटलेले मात्र नाहीत, तिथेही आवाज चांगला येऊ शकतो. हा दोष हुडकणे मोठ्या कारखान्यांनाही जड जाते. म्हणूनच माझा सगळा भर गोंदाआधीच्या कामावर आहे. ओळंबा, पाण्याची लेव्हल नळी आणि दोरी ही गवंड्याची साधने दोन्ही पंखांचा कोन सारखा आहे का, शेपटीपासून दोन्ही टोके समान अंतरावर आहेत का, हे चोख सांगतात. सांध्याच्या आतले सांगणारे साधन घरी एकच आहे. त्याच डब्यातल्या राळेने, त्याच दिवशी, तशाच घासलेल्या दोन पट्ट्या जोडून ठेवाव्यात आणि सुकल्यावर मोडाव्यात. पट्टी सांध्यात सुटली तर त्या दिवसाचे सगळे काम कापून काढावे, कितीही जिवावर आले तरी. सांधा शाबूत राहून काच फाटली, तरच पुढचा भाग हातात घ्यावा.