जवळच्या माणसांची बातमी

गोव्यात म्हापसा मागे टाकून कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडली, की पेडणे तालुका लागतो. जांभ्या दगडाचे गडगे, काजूची झाडे, मध्येच एखाद्या देवळाची दीपमाळ. पावसात इथले सडे हिरवेगार होतात आणि उन्हाळा लागला की पिकल्या काजूबोंडांचा आंबूस वास वाटेवर दरवळत राहतो. याच भागात विर्नोड्याला सरकारी कॉलेज आहे. संत सोहिरोबानाथ अंबिये यांचे नाव त्याला दिलेले आहे.

अशा लहान कॉलेजांतून माध्यमांचा अभ्यास करू पाहणाऱ्या मुलांचा विचार मनात आला, की मला हे नाव मोलाचे वाटते. सोहिरोबा १७१४ साली सीमेपलीकडच्या बांद्यात जन्मले. घराण्यात कुळकर्णीपण होते, म्हणजे गावाची नोंद ठेवण्याचे काम. ते सोडून ते नाथपंथाच्या वाटेने निघाले आणि उत्तरेत महादजी शिंद्यांपर्यंत पोचले. त्या दरबारातही त्यांनी सत्तेची भीड धरली नाही, असे परंपरा सांगते. गावाची चोख नोंद ठेवावी आणि बलवंतापुढे मान तुकवू नये: पत्रकाराला याहून वेगळे काय शिकायचे असते?

पेडणे, डिचोली, सत्तरी हा पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादीचा मुलूख. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो त्यांच्या हाती गेला. इथली देवळे टिकली, भजन-कीर्तन टिकले आणि त्यांच्या आधाराने मराठी वाचनही टिकले. वर्तमानपत्र घरोघर येऊ लागण्याच्या कितीतरी आधीपासून जत्रेतला दशावतार माणसांना रात्रभर जागवत आला आहे. त्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेले, संवाद मात्र उभ्याउभ्या सुचलेले. समोरची माणसे पेंगू लागली, की राजालाही आपले भाषण आवरावे लागते. ऐकणाऱ्याचा चेहरा वाचत बोलण्याची ही विद्या संज्ञापनाच्या अभ्यासक्रमात मानाने बसायला हवी.

त्या अभ्यासक्रमाचे आणखी धडे या परिसरातच विखुरले आहेत. पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. सालाझारच्या पोर्तुगीज राजवटीत छापलेल्या प्रत्येक शब्दावर सेन्सॉरची नजर होती. त्याच वर्षी, २५ नोव्हेंबरला, सह्याद्रीत आंबोलीच्या जंगलातून एक गुप्त आकाशवाणी केंद्र बोलू लागले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते चालवत. पुढे ते कॅसलरॉकला हलले आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत बोलत राहिले. रानात राहून, सहा वर्षे, दिसू न शकणाऱ्या श्रोत्यांसाठी खरे ते सांगत राहणे, ही माध्यमांच्या इतिहासातली मोठी तपश्चर्या आहे. पेडण्यातल्या विद्यार्थ्याला ती आपल्या शेजारघरची वाटली पाहिजे.

मग १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश. दैनिक ‘गोमन्तक’ फुलाच्या बाजूने, तर मडगावचे ‘राष्ट्रमत’ दोन पानांच्या बाजूने. दोन्ही पत्रे मराठीच. पेडणे-डिचोलीचा ओढा विलीनीकरणाकडे होता. गोव्याने एकूण ३४,०२१ मतांच्या फरकाने संघप्रदेश निवडला. एकाच भाषेतली दोन दैनिके वाचकाला दोन दिशांना नेत होती आणि वाचक दोन्ही वाचून भांडत होता. ते जुने अंक शेजारीशेजारी ठेवून वाचले, तर अग्रलेखाची ताकद आणि त्याची जबाबदारी कुठल्याही व्याख्यानापेक्षा लवकर कळेल.

सगळ्यांत अवघड धडा डिचोलीचा. तिथल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे लोहखनिजाची तांबडी धूळ बसत आली. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या; त्या पुन्हा सुरू झाल्यावर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले. बाहेरून आलेल्या बातमीदाराला यात दोन ठळक बाजू दिसतात. डिचोलीतल्या मुलीला त्या दोन्ही आपल्याच घरात दिसतात. मामाने कर्ज काढून घेतलेला ट्रक दारात उभा आहे आणि आजीच्या शेतात खाणीचा गाळ उतरलेला आहे. तिने काय लिहावे? जे लिहील ते दुसऱ्या दिवशी बाजारात, देवळात, बसथांब्यावर वाचले जाईल आणि वाचणारे तिला नावाने ओळखत असतील. या जवळिकीने लेखणी अडखळते हे खरे, पण तीच लेखणीला निष्काळजी होऊ देत नाही. ज्याच्याविषयी लिहिले त्याला उद्या तोंड दाखवायचे आहे, ही जाणीव ठेवून लिहिलेल्या बातमीत आकडा तपासलेला असतो आणि माणूस पुरता असतो.

ही मुले घरी कोकणी बोलतात, पेपर मराठीत वाचतात, पुष्कळदा परीक्षा इंग्रजीत देतात. हरमलच्या मासेमाराचे कोकणीतले म्हणणे मराठी बातमीत आणि पुढे इंग्रजी मथळ्यात जाताना त्यातला राग किती उरला, हे त्यांनाच सर्वांत आधी कळते. बाहेरचा कॅमेरा मोरजीची वाळू टिपून परततो. डिसेंबर २०२२ मध्ये पेडण्यातल्याच मोपाच्या सड्यावर विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा देशाने नवी इमारत पाहिली. त्या सड्यावर ज्यांची गुरे चरत होती, त्यांच्याकडे सावकाश बसून ऐकायला वेळ हवा आणि त्यांची बोली यायला हवी. या मुलांकडे दोन्ही आहे.

म्हणून लहान कॉलेजातल्या माध्यम-शिक्षणाने मोठ्या शहरातल्या स्टुडिओची नक्कल करण्यात शक्ती घालवू नये, असे मला मनापासून वाटते. प्रत्येक विद्यार्थ्याने पदवी घेण्यापूर्वी आपल्या गावाची एक खरी, तपासलेली नोंद करावी. बंद खाणीतल्या कामगाराची, दशावतारात पेटी धरणाऱ्याची, सड्यावरची जमीन गेलेल्या कुटुंबाची. ती गावात वाचून दाखवावी, चुका तिथेच दुरुस्त कराव्यात आणि मग कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवावी. पेडणे आणि डिचोली आजवर इतरांच्या बातम्यांचे विषय झाले. आता ते सांगणारे होऊ शकतात, आणि ही ताकद त्यांच्या मुलांना देणे हे त्या लहान कॉलेजांचे सर्वांत मोठे काम आहे.