फिन्सबरी चौकातील पाणपोई

लंडनच्या मूरगेट स्थानकातून बाहेर पडून उत्तरेच्या दिशेने चालू लागले, की काही मिनिटांत फिन्सबरी चौक येतो. चहूबाजूंनी कचेऱ्यांच्या उंच इमारती आणि मध्ये हिरवळ, असे त्याचे आजचे रूप आहे. डिसेंबरात येथे दुपारी चारच्या सुमारासच दिवे लागतात आणि कामावरून सुटलेली माणसे कोटाच्या कॉलरी वर करून भराभर स्थानकाकडे निघतात. चौकाच्या कडेला एक दगडी पाणपोई आहे. तिच्याकडे क्वचितच कोणी मान वळवून पाहतो. टॉमस आणि वॉल्टर स्मिथ या दोन भावांनी आपली आई मार्था हिच्या स्मरणार्थ ती उभारली आणि सेंट ल्यूक पॅरिशला अर्पण केली. मार्थाबाईंचा जन्म १८२६ सालचा, मृत्यू १८९८ चा. मातोश्रींच्या नावे पाणपोई बांधणारे पुत्र आपल्याकडच्या पेठापेठांत होऊन गेले आहेत. तेव्हा या दगडाची भाषा व्यापारी घराण्यातील वाचकांना परकी वाटू नये. या पेढीचा माल मात्र नवलाचा होता. स्मिथ बंधू कागदी फटाकड्या विकत असत, आणि त्यांच्या प्रत्येक फटाकडीत एक चिठ्ठी असे.

इंग्लंडात हिला क्रॅकर म्हणतात. पुठ्ठ्याची वीतभर नळी, तिच्यावर रंगीत कागद आणि दोन्ही टोकांना गोळीच्या कागदासारखा पीळ. नाताळच्या दुपारी जेवणाच्या मेजावर प्रत्येकाच्या ताटाशेजारी एक क्रॅकर मांडलेला असतो. एक टोक आपण धरायचे, दुसरे शेजाऱ्याने. दोघांनी ओढले की ‘फट्’ असा आवाज होऊन नळी फाटते आणि आतून कागदी मुकुट, एखादी क्षुल्लक भेटवस्तू व विनोदाची चिठ्ठी बाहेर पडते. मुकुट सर्वांनी घालायचा, मग तो न्यायाधीश असो वा नातू. चिठ्ठी मोठ्याने वाचायची. चिठ्ठीत बहुधा एक प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर म्हणजे एखादा श्लेष. उत्तर ऐकून सारे मेज एकसुराने कण्हते. हे कण्हणे हाच विधीचा शेवट होय. हसू आलेच तर ते त्यानंतर येते.

इंग्रजी नाताळाला श्लेषाची ही सवय क्रॅकरने लावली असे नव्हे. ती त्याआधीच या शहराच्या हवेत होती. १८४१ साली लंडनात ‘पंच’ हे विनोदी साप्ताहिक निघाले आणि शाब्दिक कोट्यांना सुगीचे दिवस आले. १८४३ च्या डिसेंबरात चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही छोटी कादंबरी प्रसिद्ध झाली. कॅरोल म्हणजे नाताळचे गीत. म्हणून डिकन्सने प्रकरणांना प्रकरणे न म्हणता ‘स्टेव्ह’, म्हणजे गीताची कडवी, असे नाव दिले. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतच कोटी! नायक एबेनेझर स्क्रूज हा लंडनच्या सिटी भागातला कवडीचुंबक व्यापारी. भागीदार मार्ली मरून सात वर्षे झाली, तरी पेढीच्या दारावरील पाटीवर त्याचे नाव तसेच आहे, कारण स्क्रूजने ते कधी पुसलेच नाही. नाताळच्या आदल्या रात्री त्या मार्लीचे भूत समोर येऊन उभे राहते, तेव्हा स्क्रूज त्याला सुनावतो की तू थडग्यातून आलेला नसून पोटात न जिरलेल्या अन्नातून आला आहेस. इंग्रजीत थडग्याला ‘ग्रेव्ह’ आणि जेवणातील रश्श्याला ‘ग्रेव्ही’. त्या दोन शब्दांवर ही कोटी बेतली आहे. डिकन्स लगेच बजावतो की स्क्रूजला विनोदाची सवय मुळीच नव्हती, तो केवळ आतली भीती दाबण्यासाठी कोटी करीत होता. कोटीकडे माणूस का वळतो, याचे इतके नेमके निदान अलंकारशास्त्राच्या ग्रंथांतही विरळाच सापडेल.

मराठीत श्लेषाला ‘कोटी’ म्हणतात आणि व्यापाऱ्याच्या वहीतील मोठ्या आकड्यालाही कोटीच म्हणतात. टॉम स्मिथच्या चरित्रात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

टॉमचा जन्म १८२३ सालचा. लहानपणीच तो लंडनमधील एका पाव व मिठाई करणाऱ्याच्या दुकानात कामाला लागला आणि पुढे फिन्सबरी चौकाच्या वायव्येला, क्लर्कनवेल भागातील गॉसवेल रोडवर त्याने स्वतःचे दुकान काढले. नवा माल पाहण्यासाठी तो पॅरिसला गेला असताना तेथे त्याला ‘बॉनबॉन’ दिसले. साखरेत घोळवलेला बदाम पातळ कागदात ठेवून कागदाची दोन्ही टोके पिळलेली, असा तो जिन्नस. मिठाई बहुधा उघडी विकली जात असण्याच्या त्या काळात कागदाचा तो पीळच मोठा चित्ताकर्षक ठरला. टॉमने तो लंडनात आणला. नाताळात बॉनबॉन धडाक्याने खपले आणि जानेवारी उजाडताच मागणी ओसरली. हंगामी मालाचा हा अनुभव कोणत्या व्यापाऱ्याला नाही? स्पर्धकही हातावर हात ठेवून बसले नव्हते. स्पाराग्नापाने या इटालियन नावाची एक पेढी तर पुढे स्वतःलाच सर्वांत जुने क्रॅकर उत्पादक म्हणवून घेऊ लागली.

टॉमने बदामाबरोबर कागदात एक चिठ्ठी घातली. तिच्यावर प्रेमाचे दोन गोड शब्द असत. तरुण मंडळी ते बॉनबॉन एकमेकांना देऊ लागली, आणि गिऱ्हाईक बदामासाठी येते की चिठ्ठीसाठी, हे सांगणे कठीण झाले. पुढची कथा पेढीने स्वतःच पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, म्हणून तिच्यात थोडी साखर धरून चालावे. शेकोटीसमोर बसला असताना जळत्या ओंडक्याने तडकन आवाज केला आणि टॉम दचकला; बॉनबॉन उघडताना असाच आवाज झाला तर, असे त्याच्या मनात आले. कल्पना सुचली क्षणात, पण ती साधायला बराच काळ गेला. आवाज मोठा हवा; मात्र बोटे भाजता कामा नयेत आणि मेजावरचे कापडही जळता कामा नये. शेवटी जी युक्ती लागू पडली तीच आजही चालते. पुठ्ठ्याच्या दोन अरुंद पट्ट्या एकमेकींवर चिकटवतात आणि त्यांच्या सांध्यात सिल्व्हर फल्मिनेट या स्फोटक क्षाराचा अगदी सूक्ष्म लेप देतात. पट्ट्या ओढताच घर्षण होते आणि आवाज निघतो. १८६० च्या आसपास हा माल बाजारात आला. प्रारंभी त्याला ‘कोसाक’ म्हणत; रशियन घोडेस्वारांच्या चाबकाचा कडकडाट त्या नावात होता. नळी मोठी झाली, आवाज आला आणि बदाम गेला. ज्यासाठी हा सारा खटाटोप आरंभला तो जिन्नस नाहीसा होऊन त्याचे वेष्टन तेवढे उरले. व्यापाराच्या इतिहासात अशी उदाहरणे फार नसतील.

टॉम १८६९ साली वारला. त्याची कोटी पुरती फळाला आलेली त्याने पाहिली नाही. धंदा मुलांनी वाढविला. कागदी मुकुट व नवनव्या भेटवस्तू यांचे श्रेय धाकट्या वॉल्टरला देतात. वस्तू शोधण्यासाठी त्याने देशोदेशी प्रवास केला. पेढी गॉसवेल रोडवरून फिन्सबरी चौकात आली आणि राजघराण्याला माल पुरविण्याचा मानही तिला मिळाला. १९५३ साली ती नॉरिच येथील केली या पेढीच्या क्रॅकर व्यवसायात मिसळली. दरम्यान चिठ्ठीवरील मजकूर पालटत गेला. प्रेमवचने मागे पडली, कोडी आली, आणि विसाव्या शतकात श्लेषाने तेथे जो मुक्काम ठोकला तो कायमचा.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्ट्रँड रस्त्यावर, याच सुमारास रंगभूमीही त्याच वाटेने चालली होती. तेथील स्ट्रँड थिएटरात १८६१ साली हेन्री जेम्स बायरन याचे ‘अल्लादीन’ हे प्रहसन आले. बायरन कोट्यांसाठी प्रसिद्ध होता. अल्लादीनची गोष्ट चीनमध्ये घडते असे मानून त्याने पात्रांना चहाची नावे दिली. अल्लादीनच्या आईचे नाव विडो ट्वँकी ठेवले, कारण ‘ट्वँके’ हा लंडनच्या बाजारात विकला जाणारा चिनी हिरवा चहा होता. वजिराच्या मुलाला पिको केले. चहाची जहाजे कोण आधी बंदरात आणतो यावर सारे शहर पैजा लावीत असे, त्या काळात प्रेक्षकांना हा विनोद समजावून सांगावा लागत नव्हता. आज ट्वँके चहा कोणाला ठाऊक नाही, परंतु नाताळच्या पँटोमाइम नाटकांत पुरुषाने साडेतीन हाती झगा घालून साकारलेली विडो ट्वँकी दरवर्षी हजेरी लावते. ते थिएटर भुयारी रेल्वेच्या स्थानकासाठी १९०५ साली पाडले गेले आणि ते स्थानकही १९९४ साली बंद झाले. इमारतीपेक्षा कोटी अधिक टिकली.

आता चिठ्ठीतील मजकुराकडे वळावे. पंचवीसच अक्षरांच्या इंग्रजी वर्णमालेला काय म्हणावे? उत्तर: ‘नोएल’. नोएल म्हणजे नाताळ, आणि तोडून वाचले तर ‘नो एल’, म्हणजे एल हे अक्षर नाही. नाताळची तारीखही पंचवीसच यावी, हा त्यातला वरकड नफा. दुसरे: नाताळच्या आदल्या दिवशी आदमने बायकोला काय सांगितले? ‘उद्या नाताळ, ईव्ह.’ तिचे नाव ईव्ह आणि सणाच्या पूर्वसंध्येलाही ईव्हच म्हणतात. तिसऱ्याला शाळेचा वास आहे: सांताच्या मदतनिसांना काय म्हणतात? ‘सबॉर्डिनेट क्लॉजेस.’ सांताचे आडनाव क्लॉज आणि व्याकरणातील उपवाक्यही क्लॉज. म्हणून हाताखालची माणसे झाली गौण उपवाक्ये. मनुके व मसाल्याचे सारण भरलेला ‘मिन्स पाय’ हा नाताळचा पदार्थ. बेकरीत लपून बसतो तो ‘मिन्स स्पाय’, म्हणजे हेर. दोन्ही नावे भराभर उच्चारली तर कानाला भेद कळत नाही, आणि सारी गंमत त्या न कळण्यात आहे.

हे सारे विनोद फुसके आहेत. ते फुसके असावेत असाच संकेत आहे. हर्टफर्डशायर विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन यांनी याची उपपत्ती मांडली आहे. चांगला विनोद मेजावरील काहींना आवडतो, काहींना नाही. आणि तो पडला तर सांगणारा ओशाळतो. चिठ्ठीतला विनोद सर्वांनाच वाईट वाटतो. दोष चिठ्ठीचा असतो, वाचणाऱ्याचा नव्हे, आणि तिच्यावर सारे मिळून तोंडसुख घेतात. नाताळचे जेवण हे नेहमीच सुखाचे नसते, हे ध्यानात घेतले तर या उपपत्तीचे मोल कळते. वर्षभर न बोललेले भाऊ त्या मेजावर समोरासमोर येतात; कोणाची खुर्ची यंदा रिकामी असते; कोणाचा धंदा बुडालेला असतो आणि तो विषय निघू नये असे सर्वांना वाटत असते. अशा वेळी क्रॅकर ओढायला दोन माणसे लागतात, एकट्याला तो नीट ओढता येत नाही. चिठ्ठी वाचायला धाडस लागत नाही. मोठा मुलगा आणि त्याचा रुसलेला बाप एकाच वेळी कण्हले, तर निदान एका गोष्टीवर त्यांचे एकमत झाले.

लंडन, लेस्टर, बर्मिंगहॅम येथील मराठी व गुजराती घरांतही हा प्रकार पोहोचला आहे, बहुधा शाळेच्या वाटेने. डिसेंबरात शाळेत नाताळचे जेवण होते आणि मूल कागदी मुकुट व चुरगळलेली चिठ्ठी घेऊन घरी येते. सांगली-सोलापूरकडून महिनाभर राहायला आलेल्या आजीला ती चिठ्ठी वाचून दाखविली जाते आणि येथे श्लेषाची खरी परीक्षा होते. नोएल समजावून सांगता येते, पण समजावलेला श्लेष हा फोडलेल्या फुग्यासारखा असतो. आजी मायेने हसते, नातवाला ते कळते, आणि दोघांमध्ये क्षणभर भाषेची भिंत दिसू लागते. एक चिठ्ठी मात्र ही भिंत ओलांडते. बर्फाचा माणूस आणि चावणारे पिशाच यांचा संकर केला तर काय मिळेल? इंग्रजी उत्तर ‘फ्रॉस्टबाइट’. अतिथंडीने बोटे बधिर होऊन मांस मरते, त्या विकाराला मराठीत ‘हिमदंश’ म्हणतात. हिमही आले, दंशही आला! येथे आजीला स्पष्टीकरण लागत नाही. तिने मराठीत कण्हावे आणि नातवाने इंग्रजीत.

व्यापाराचा हिशेब आता लंडनपुरता उरलेला नाही. बरेचसे क्रॅकर चीनमध्ये तयार होऊन येतात. कायद्याच्या दृष्टीने ते स्फोटक द्रव्याच्या वस्तूंत मोडतात, म्हणून ब्रिटनमध्ये बारा वर्षांखालील मुलाला ते विकता येत नाहीत, आणि विमानाने नेताना प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असल्याने आधी विचारून घेणे बरे. पंचवीस तारीख उलटताच दुकानांत उरलेल्या खोक्यांवर निम्म्या किमतीच्या चिठ्ठ्या लागतात. धोरणी गृहिणी तेव्हाच पुढच्या वर्षासाठी सहांचे एक खोके घेऊन माळ्यावर ठेवून देतात. वर्षभराने ते उघडले की विनोद गेल्या खेपेचेच निघतात.