कौले, कंबर आणि तीन दिवसांची सुट्टी

आमचे हलशीचे घर कौलारू आहे. दरवर्षी उन्हाळ्यात ते शाकारावे लागते, आणि गेली पंचवीस वर्षे ते काम मी करत आलो. २०२३ साली मात्र पाडव्याच्या आदल्या दिवशी गॅसची भरलेली टाकी उचलताना कमरेत चमक भरली आणि ती डाव्या पायात पोटरीपर्यंत उतरली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, मणक्यातील चकती सरकली आहे. झोपून राहू नका, रोज चाला, पण वाकून काही उचलायचे नाही आणि अर्ध्या तासावर एका जागी बसायचे नाही. आमची सौभाग्यवती धारवाडची. तिने घरी येऊन तेच तीन शब्दांत आटोपले, "सुम्न कूडरी, अष्टे." गप्प बसा, एवढेच. गंमत म्हणजे डॉक्टरांनी बसायलाच मनाई केली होती.

त्या वर्षी १ मे सोमवारी आला. आमच्या कर्नाटकात ती कामगार दिनाची सुट्टी. उद्यमबागेतील ज्या फौंड्रीत मी हिशेब लिहितो, तिथे शनिवारची रजा मागितली. मालकांनी दिली, पण येणेबाकीची सगळी यादी मेळ घालून मंगळवारी सकाळी ऑडिटरच्या टेबलावर हवी, असेही सांगितले. मार्चअखेरची कामे कुणाला चुकली आहेत? तेव्हा लॅपटॉप, कंबरपट्टा, गरम पाण्याची पिशवी, बायको आणि इंजिनीअरिंगला असलेली मुलगी एवढा लवाजमा घेऊन शनिवारी सकाळी बस धरली.

बेळगावहून हलशी चाळीसेक किलोमीटर. पिरनवाडी, मच्छे मागे पडले की झाडी दिसू लागते. खानापूरला मलप्रभा लागते, तिथे दुसरी बस आणि नंदगडवरून पुढे. पूर्वी या वाटेवर मी खिडकीतून कुणाच्या काजूला किती बोंडे आली ते बघत असे. यंदा फक्त गतिरोधक मोजले. चौदाव्यानंतर मोजणे सोडून दिले.

घरी आई एकटी. वय अठ्ठ्याहत्तर. बेळगावला चार दिवसांवर राहत नाही. धाकटा भाऊ पुण्याला असतो, त्याचे दोन वर्षांपासून एकच पालुपद आहे, "दादा, कौले काढून पत्रे घालूया. पैसे मी देतो. एकदाची कटकट संपेल." तो चुकीचे बोलतो असे नाही. माकडांनी कौलांचे हाल केलेत, आणि आमच्या खानापूर तालुक्यातला पाऊस काय असतो ते वाचकांना सांगायला नको. आजवर मी त्याला उत्तर देत असे, "मी आहे ना चढायला." या वेळी ते उत्तर माझ्याजवळ नव्हते. बसमध्ये माझ्या मनात हेच घोळत होते.

गावात माणूस मिळणेही कठीण झाले होते. १० मेला विधानसभेचे मतदान, त्यामुळे हाताला काम हवे असलेले सगळे प्रचारात. शेवटी शेजारचे आप्पा आले. सत्तरी ओलांडलेले, गुडघे गेलेले, पण छप्पर या विषयात त्यांच्याइतके कळणारा दुसरा कुणी नाही. त्यांचा नातू आला, त्याचे दोन मित्र आले. आप्पांनी अंगणातून वर पाहिले, मग आमच्या मुलीकडे पाहिले.

"वजन किती गं पोरी तुजं?"

"सत्तेचाळीस, आजोबा."

"मग तूच चढ. वर हलकं माणूस पायजे. हे दांडगे चढले की चार बदलतील आणि सा फोडतील."

बायकोचा चेहरा उतरला. आमच्या गल्लीत मुलगी छपरावर चढलेली कुणी पाहिली नव्हती. सगळ्यांनी आईकडे पाहिले. आई काही न बोलता आत गेली, माझी जुनी पँट आणि सुताची दोरी घेऊन आली आणि नातीच्या हातात दिली. दोरी आढ्याला बांधून मगच वर पाऊल टाकायचे, ही माझ्या वडिलांची शिस्त होती.

शाकारणी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. छप्पर सगळे एकदम उघडायचे नसते. वळचणीपासून आढ्यापर्यंत एक पट्टा उघडायचा, रिपा झाडायच्या, कुजलेली रीप बदलायची, कौले परत बसवायची, आणि तो झाकल्यावरच पुढचा पट्टा. कौलाच्या खाली पालापाचोळा, खारीची घरटी, उंदरांनी नेलेले कापूस नि कागद असे काय काय निघते. आमचे छप्पर हजार-बाराशे कौलांचे. एकेक कौल दोन-अडीच किलोचे. ही मंगलोरी कौले. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला पहिला कारखाना काढला, तेव्हापासून ती सगळ्या किनाऱ्यावर नि घाटावर पसरली. खानापूरची मातीही विटा-कौलांसाठी नावाजलेली. पण एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसेलच असे नाही. म्हणून जुने घर असणाऱ्यांना एक सांगणे आहे: गोठा मोडला, न्हाणी मोडली तरी तिची कौले टाकू नका. आमच्या मोडलेल्या गोठ्याची शे-दीडशे कौले परसात रचून ठेवलेली होती, ती या वेळी कामी आली.

मला आप्पांनी काम दिले वाजवण्याचे. उतरवलेले कौल टेबलावर ठेवायचे आणि बोटाच्या पेराने टकटक करायचे. खणखणीत वाजले तर चांगले, बद्द वाजले तर आत चीर गेलेली, मग वरून ते कितीही साजरे दिसो. उंच स्टुलावर पंधरा मिनिटे बसायचे, मग उठून उभे राहायचे. पहिल्या तासात मला भारी राग आला. ज्या छपरावर मी वडिलांबरोबर वावरलो, त्याच्याखाली स्टुलावर बसून टकटक! दुपारपर्यंत कान मात्र तयार झाला. माणूस बघून ज्याच्याकडचे पैसे येतील असे वाटते, त्याचे खाते वाजवून बघितले की बद्द निघते, हे मला कचेरीत पाठ होते. कौलांचे तसेच आहे हे ठाऊक नव्हते, कारण इतकी वर्षे मी वर असायचो आणि हे काम वडील, नंतर आई करत असे.

कचेरीचे काम रात्री. बसून करणे शक्य नव्हते, म्हणून माजघरातल्या तांदळाच्या पत्र्याच्या कोठीवर लॅपटॉप ठेवला. कोठी माझ्या छातीला लागते. उभ्याने यादी तपासायला ती इतकी सोयीची पडली की बेळगावच्या कचेरीतही अशी एक ठेवावी असे वाटले.

रविवारी सकाळी डॉक्टरांच्या हुकुमाप्रमाणे चालायला म्हणून देवळाकडे गेलो. हलशी म्हणजे जुनी पलाशिका. कदंबांचे पाचव्या शतकातील ताम्रपट इथे सापडले, ती त्यांची दुसरी राजधानी होती. आमचे भूवराह नरसिंहाचे देऊळ त्यामानाने अलीकडचे, बाराव्या शतकातले, गोव्याच्या कदंबांच्या काळचे. त्यात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकीकडे नरसिंह, दुसरीकडे भूवराह, आणि मधल्या मंडपात उभे राहिले की कुणाकडे तरी पाठ होतेच. लहानपणी याची मला भीती वाटायची. त्या दिवशी भूवराहापुढे जास्त वेळ थांबलो. अख्खी पृथ्वी उचलणारा देव! त्याला आमच्या डॉक्टरांनी गाठले नसावे. वर पायऱ्यापायऱ्यांचे दगडी शिखर पाहिले आणि त्याला दरवर्षी शाकारावे लागत नाही याचा, देवा क्षमा कर, थोडा हेवा वाटला.

वळीव आला तो त्याच दुपारी चारला. आधी खानापूरच्या बाजूला आभाळ काळे झाले, मग वारा सुटला. माजघरावरचा पट्टा तेवढा उघडा. खाली कोठी, तिच्यावर लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये दोनशे दहा गिऱ्हाइकांची बाकी. मुलगी वर, पोरे शिडीवर, आप्पा खालून ओरडत होते, "एक एक दे, घाई करू नको!" शेजारच्या दोघीजणी पदर खोचून आल्या आणि कौलांची साखळी लागली. मला धीर निघाला नाही. मी वाकलो आणि चार कौले एकदम उचलली.

पुढचे सांगायला नको. कंबर तिथेच धरली. मला दोघांनी धरून ओटीवर नेले. छपराचे तोंड शेवटी झाकले ते आप्पांच्या गोठ्यावरच्या एका जुन्या फ्लेक्सने. कुठल्या निवडणुकीचा होता कोण जाणे. माजघरातून वर पाहिले की हात जोडून हसणारा एक पुढारी रात्रभर आमच्याकडे बघत होता. त्याचा आम्हाला एवढा उपयोग होईल असे त्यालाही वाटले नसेल. लॅपटॉप आईने पहिल्या थेंबालाच पदराखाली घेतला होता.

कामगार दिनी मी ओटीवर घोंगडीवर पडून होतो, गुडघ्यांखाली उशी, कमरेला शेक. पण काम थांबले नाही. बायको लॅपटॉप घेऊन शेजारी बसली. मी आकडे सांगत होतो, ती टाइप करत होती. तिचे शिक्षण कन्नडमधून झालेले, त्यामुळे मराठीतले "एकोणसाठ" आणि "एकोणसत्तर" यांत तिचा कायम घोटाळा होतो. शेवटी मी कन्नडमध्ये आकडे सांगू लागलो. "ऐवत्तोंबत्तु" म्हटले की पन्नास आणि नऊ सरळ कळतात. लग्नाला बावीस वर्षे झाली, आणि हिशेबाला कन्नड सोपे पडते हे मला त्या ओटीवर कळले! दुपारी दोनला यादी पुरी झाली. तोवर मुलीने आढ्यापर्यंतचा शेवटचा पट्टा बसवला होता. एकूण त्र्याऐंशी कौले बदलली.

संध्याकाळी भावाचा फोन आला. मी त्याला सगळे सांगितले, पडलो तेही. तो म्हणाला, "म्हणून तर म्हणतो, पत्रे घाल." मी म्हटले, "यंदा कौले बसली आहेत. पुढच्या एप्रिलला तू ये. चढू नको, नुसता वाजवायला ये. मग पत्र्याचे बोलू." तो "बघतो" म्हणाला. आई शेजारीच बसली होती. तिने फोन मागितला नाही.

निघताना आप्पांच्या हातात पाकीट ठेवू लागलो, तर त्यांनी हात मागे घेतला. आमच्याकडे याला सावड म्हणतात. बायको म्हणाली, तिच्या माहेरी हीच मुय्यी. आज तुम्ही आमच्याकडे, उद्या आम्ही तुमच्याकडे. "पुढल्या ऐतवारी माज्या गोठ्याचं काडूलाय," आप्पा म्हणाले. "पोरीला घेऊन ये. आणि तू पण ये, कान बरा हाय तुजा."

मी येतो म्हटले. मुलीने तेवढ्यात त्यांच्या गोठ्याकडे पाहून कौले किती असतील त्याचा अंदाज घ्यायला सुरुवात केली होती. बस आली. ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली, पण मी खानापूरपर्यंत उभाच राहिलो.