मोटारीची उंची

मोटार विकत घेतली म्हणजे तिची उंचीहि आपल्या मर्जीची झाली, असें पुष्कळ तरुणांना वाटतें. कायद्याला तें मान्य नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, कांहीं अपवाद सोडले तर, नोंदणीपत्रांतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार करूं देत नाहीं. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि हाच अर्थ उचलून धरला.

हौशी माणसाला हा जुलूम वाटतो. पण गणित त्याच्या बाजूचें नाहीं. टायरचा परीघ शेंकडा १० नें वाढला, कीं वेगदर्शक कांटा ६० दाखवीत असतां गाडी ६६ च्या वेगानें धांवते. गाडी उंच केली, कीं गुरुत्वमध्य वर सरकून ती वळणावर कलंडण्याचा संभव वाढतो, आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. तो समोरचा बहुधा सायकलवाला. दुसऱ्याच्या हौसेची किंमत त्यानें कां द्यावी? उलट, गाडी जमिनीलगत बसविणाऱ्यास शासन करावयाला पोलीस लागत नाहीं. पहिलाच गतिरोधक तें काम करतो!

जर्मनींत असा फेरफार तज्ज्ञाकडून तपासून कागदोपत्रीं नोंदवितां येतो. आपल्याकडेहि तशी सोय व्हावी, असें मला प्रामाणिकपणें वाटतें; मात्र तपासणाऱ्यानें गाडीखालीं वांकून पाहिलें पाहिजे.