पडाव आणि होडी

आमची वाडी वाशिष्ठीच्या खाडीकाठची. काठची म्हणायची, पण खाडी काही दारात नव्हे. वाडीखालून एक पऱ्या खाडीला मिळतो. भरतीला त्यात कमरेइतकं पाणी, ओहोटीला गुडघाभर चिखल. मोठं काही लागायचं तर दीड कोसावरच्या धक्क्याला.

१९७६ साली मी दहावी झालो आणि त्याच वर्षी बाबांच्या मनात एक पडाव भरला. बावीस हातांचा, जुना, पण लाकूड ठणठणीत. शंभर पेट्या आंबा एका खेपेत गोवळकोटला आणि तिथून चिपळूणला ट्रकवर, असा त्यांचा हिशेब. आई चुलीपुढून म्हणाली, "एवढा पडाव घेताव, पन तो आपल्या पऱ्यात येनार हाय का?" बाबा काही बोलले नाहीत. चिपळूणच्या कॉलेजासाठी माझे म्हणून ठेवलेले पैसे पडावात गेले.

आंबा काही एका दिवशी उतरत नाही. आज बारा पेट्या, दोन दिवसांनी वीस. त्या दीड कोस डोक्यावरून धक्क्याला न्यायच्या. मीही नेल्या, मानेला चुंबळीचा घट्टा पडला होता. बारा पेट्या असोत की शंभर, पडावाला तांडेल आणि तीन गडी लागायचेच. दुपारी खारा वारा सुटला आणि भरती असली की शीड भरून वर जायचं, पहाटे मतलई आणि ओहोटी मिळाली की परत. वाचायला सोपं वाटतं. पण भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. वारा आणि पाणी जुळेपर्यंत होडीवाले वल्ही मारून निघून जायचे, आमचा पडाव नांगरावर. तोवर पेटीत आंबा पिकायला लागायचा.

पावसाच्या तोंडाला तो वर ओढायचा म्हणजे वीस माणसं, त्यांचं जेवण आणि संध्याकाळची तजवीज. वर झापांनी शाकारायचा. धक्क्यावर राखण ठेवली तिचे पैसे वेगळे.

दोन मोसम बाबांनी ओढले. तिसऱ्या वर्षी पडाव पडत्या भावात विकला आणि बारा हातांची होडी आणली. पंधरा पेट्या मावायच्या. भरतीला थेट पऱ्यात शिरायची, आम्ही ती खालच्या माडाला बांधायचो. पावसाळ्यात आम्ही घरचे चौघं आणि शेजारचे दोघं तिला अंगणाखाली आणून ठेवायचो.

कॉलेजाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. बाबांनी काढली नाही, मीही नाही. घेणाऱ्याकडे स्वतःचं शीड होतं, म्हणून पडावाचं आमच्याकडेच राहिलं. एके दुपारी आईने ते पडवीत पसरलं, बाबांना एक टोक धरायला लावलं, आणि होडीच्या मापाने कापून दाभणाने शिवलं. उरलेला तुकडा भात वाळत घालायला कितीतरी वर्षं पुरला.